वाचक विचारतात : एका गावात तीन प्रेस्बिटेरियन चर्च कशासाठी?

प्रश्न : माझी मुलगी कॅनडात नोव्हा स्कोशिया प्रांतातील पिक्टू परगण्यात राहते. तेथील संग्रहालयात तिने १८४०च्या दशकात स्कॉटलंडला लिहिलेल्या एका पत्राची प्रत पाहिली. कोणाला मुलगा झाला, कोण वारले, कोणाचे लग्न ठरले हे पहिल्या काही ओळींत आटोपते आणि उरलेली दोन पाने पाळकांच्या भांडणाने भरलेली आहेत. इतक्या दूरच्या आप्तांना लिहिताना घरच्यांविषयी इतके थोडे आणि चर्चविषयी इतके पुष्कळ का लिहिले असावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपल्याला जी दोन पाने चर्चच्या भांडणाची वाटतात, ती लिहिणाऱ्याच्या दृष्टीने घरचीच बातमी होती. पिक्टूचे मूळ वसाहतकार बहुतांशी स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातील गेलिक बोलणारे लोक होते. ‘हेक्टर’ हे जहाज सुमारे १९० माणसे घेऊन १७७३च्या सप्टेंबरात तेथे लागले. वाटेतच देवी आणि हगवण यांनी अठराजण दगावले होते आणि त्यांत बहुतेक लहान मुले होती. जंगल तोडून शेत करायचे होते आणि हिवाळा तोंडावर होता. अशा स्थितीत त्या लोकांना कायमचा पाळक मिळाला तो १७८६ मध्ये, म्हणजे तेरा वर्षांनी.

पाळक नसणे म्हणजे काय, हे त्या काळच्या व्यवहारावरून समजते. जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंद तेथे नव्हती; ती १८६४ मध्ये सुरू झाली. तोपर्यंत मुलाचा बाप्तिस्मा पाळकाने करायचा, लग्न त्याने लावायचे, लग्नाची घोषणा मंडळीसमोर करायची आणि जी काही नोंद व्हायची ती मंडळीच्या वहीत. पाळक आणि मंडळीने निवडलेले वडील, म्हणजे वडीलधारे कारभारी, यांच्या सभेने चालणाऱ्या चर्चला प्रेस्बिटेरियन म्हणतात; ही सभा कोणी कोणाशी कसे वागले याचीही चौकशी करी. मुलांची शाळाही बहुधा याच वर्तुळातून उभी राही. म्हणून ‘आमचे पाळक गेले’ असे पत्रात लिहिलेले असते तेव्हा त्याचा अर्थ असा असतो की धाकट्याचा बाप्तिस्मा अडला आहे, थोरलीचे लग्न पुढे गेले आहे आणि प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, यंदा होणार नाही.

वार्षिक प्रभुभोजन हा तर गुरुवारपासून सोमवारपर्यंत चालणारा सोहळा असे. गुरुवारी उपवास, शुक्रवारी ‘प्रश्नाचा दिवस’, ज्यात पाळक बाजूला बसत आणि मंडळीतील अनुभवी पुरुष एखाद्या वचनावर बोलत, शनिवारी तयारी, रविवारी मुख्य विधी आणि सोमवारी उपकारस्तुती. मंडळीच्या वडिलांनी ज्याला पात्र ठरवले त्याला शिशाचे छोटे नाणे मिळे आणि ते दाखवल्यावाचून प्रभुभोजनाला बसता येत नसे. मैलोन्‌मैल चालत आलेले लोक ओळखीच्यांच्या घरी उतरत, नातेवाइकांची गाठ पडे आणि, आपल्याकडे जत्रेत घडते तसे, सोयरिकीचे बोलणेही तेथेच निघे. एकाच घरातील दोघे भाऊ वेगवेगळ्या मंडळ्यांत गेले की हा सगळा वार्षिक मेळा त्या घरापुरता दुभंगे.

टपालाचाही यात हात आहे. ब्रिटनमध्ये १८४० पर्यंत पत्राचे मोल अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे आणि बहुधा ते घेणाऱ्यालाच भरावे लागे. त्यामुळे एकाच कागदावर आधी उभे लिहून मग त्यावरच आडवे लिहिण्याची रीत पडली होती, किंवा गावी परतणाऱ्या माणसाच्या हाती पत्र दिले जाई. असे पत्र एका घरापुरते राहत नसे. ते शेजाऱ्यांत वाचले जाई. जन्ममृत्यूच्या ओळी त्या एका कुटुंबासाठी आणि चर्चची हकिकत सगळ्या वाडीसाठी, अशी ती वाटणी असावी असे मला वाटते.

प्रश्न : हे सगळेच प्रेस्बिटेरियन होते, त्यांचे स्तोत्रसंग्रह एकच होते, धर्ममतांचा जाहीरनामाही एकच होता, मग ‘किर्क’, ‘अँटीबर्गर’ आणि ‘फ्री चर्च’ अशा तीन वेगळ्या मंडळ्या एका गावात कशा झाल्या? धर्मतत्त्वाचा काही खरा मतभेद होता काय? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : देव, तारण आणि पवित्र शास्त्र यांविषयी मतभेद जवळजवळ नव्हता. भांडण होते ते पाळक कोणी नेमायचा आणि सरकारशी किती जवळीक ठेवायची याविषयी. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चला तेथे ‘किर्क’ म्हणतात. १७१२च्या कायद्याने त्या चर्चमधील पाळक सुचविण्याचा हक्क पुन्हा जमीनदारांकडे गेला. हा हक्क आपल्याकडील वतनासारखा होता. तो वारशाने मिळे आणि विकताही येई. मंडळीला नको असलेला पाळक जमीनदाराच्या शब्दावर तिच्या माथी बसे. त्याविरुद्ध १७३३ मध्ये एबेनेझर अर्स्किन आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले आणि पहिला फुटीर पंथ झाला. एडिंबरो, ग्लासगो, पर्थ अशा शहरांत नागरिकत्वाचे हक्क घेताना ‘या राज्यात सध्या पाळल्या जाणाऱ्या खऱ्या धर्माला’ मान्यता देणारी शपथ घ्यावी लागे. ती घेतल्याने राष्ट्रीय चर्चच्या दोषांना मान्यता दिल्यासारखे होते की नाही, यावरून १७४७ मध्ये त्या फुटीर पंथाचेच दोन तुकडे झाले. शपथ चालेल म्हणणारे बर्गर आणि चालणार नाही म्हणणारे अँटीबर्गर.

आता ही शपथ नोव्हा स्कोशियात अस्तित्वातच नव्हती. तेथे नागरिकत्वाचे हक्क विकणारी शहरेच नव्हती. होती ती झाडे, थंडी आणि खाडीचे पाणी. तरीही १७८६ मध्ये पिक्टूला आलेले जेम्स मॅक्ग्रेगर अँटीबर्गर होते आणि जवळच्या ट्रुरो येथील डॅनियल कॉक बर्गर होते, एवढ्यावरून मॅक्ग्रेगर यांनी ट्रुरोच्या पाळकसभेत बसण्याचे नाकारले. पुढे १७९५ मध्ये त्यांनी पिक्टूची स्वतंत्र पाळकसभा उभारली. त्यांच्या नकाराचे आणखी एक कारण होते आणि ते मला शपथेपेक्षा कितीतरी वजनदार वाटते. कॉक यांच्या घरी गुलाम होते. मॅक्ग्रेगर यांनी १७८८ मध्ये त्याविरुद्ध जाहीर पत्र छापले आणि आपल्या तुटपुंज्या वेतनातून गुलामांच्या सुटकेसाठी पैसेही दिले.

शपथेवरून पडलेली फूट वसाहतीत टिकली नाही. १८१७ मध्ये तेथील बर्गर आणि अँटीबर्गर एकत्र आले आणि मॅक्ग्रेगर त्या संयुक्त सभेचे पहिले अध्यक्ष झाले. स्कॉटलंडमध्ये त्या दोन पंथांच्या मुख्य शाखा एकत्र आल्या त्या १८२० मध्ये, म्हणजे तीन वर्षे मागाहून. वसाहतीतील दुफळीची गोष्ट येथेच संपायला हरकत नव्हती.

परंतु त्याच सुमारास स्कॉटलंडमधून राष्ट्रीय चर्चचे पाळक पिक्टूकडे येऊ लागले. १८२५ मध्ये ग्लासगोत वसाहतींत पाळक पाठवणारी एक संस्था स्थापन झाली आणि तिच्यामुळे हा ओघ वाढला. नव्याने येणारे गेलिक भाषक मायदेशी किर्कमध्येच वाढलेले होते, तेव्हा त्यांनी ‘आमचा’ पाळक मागावा हे स्वाभाविकच होते. शिवाय या पाळकांना वेतनही मायदेशातून काही काळ मिळे. जुन्या मंडळीला मात्र हा आपल्या आवारात दुसऱ्याने कुंपण घालण्याचा प्रकार वाटला. भांडणाचे मैदान ठरली ती पिक्टू अकॅडमी. थॉमस मॅकलक यांनी १८१६ मध्ये सनद मिळवून ही शाळा उभी केली, कारण प्रांतातील त्या वेळचे महाविद्यालय अँग्लिकन (इंग्लंडच्या राष्ट्रीय चर्चचे) नसलेल्यांना व्यवहारात बंद होते. प्रांताची राजधानी हॅलिफॅक्स येथील सरकारी मंडळाने तिला कायमचे अनुदान देण्याचे सतत टाळले आणि केनेथ जॉन मॅकेंझी या किर्कच्या पाळकाच्या नेतृत्वाखाली किर्क पक्षानेही तिला विरोध केला. पुढे वृत्तपत्रेही दोन झाली, एक अकॅडमीच्या बाजूच्या सुधारणावाद्यांचे आणि दुसरे किर्क पक्षाचे. १८३०च्या निवडणुकीत पिक्टूच्या रस्त्यांवर दंगल होऊन एकाचा जीव गेला. त्या काळच्या पत्रांत ‘अँटीबर्गर’ हा शब्द आढळला, तर तो धर्ममताचा आहे असे समजू नये. जिल्ह्याच्या राजकारणातील एका पक्षाचे ते नाव झाले होते आणि मूळची शपथ कोणाच्या लक्षातही उरली नसावी.

तिसरी फूट मोठी होती आणि ती आली तीही समुद्रापलीकडून. १८ मे १८४३ रोजी एडिंबरोच्या सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये राष्ट्रीय चर्चची महासभा भरली असता मावळते सभापती डेव्हिड वेल्श यांनी निषेधपत्र वाचले, ते टेबलावर ठेवले आणि ते दाराबाहेर पडले. त्यांच्यामागून पाळकांची रांग रस्त्याने चालत टॅनफील्ड येथील सभागृहात गेली आणि तेथे टॉमस चामर्स यांच्या अध्यक्षतेखाली फ्री चर्चची स्थापना झाली. सुमारे १२०० पाळकांपैकी ४७४ जणांनी आपले पद, वेतन आणि राहते घर सोडले. कारण पुन्हा तेच, जमीनदाराचा नेमणुकीचा हक्क आणि त्यात न्यायालयांची ढवळाढवळ. हॅलिफॅक्सच्या सॅम्युएल क्युनार्ड यांची टपाल घेऊन येणारी आगबोट १८४० पासून लिव्हरपूलहून हॅलिफॅक्सला साधारण पंधरवड्यात पोहोचत असे. पूर्वी पोहोचायला महिनोन्‌महिने लागणारी भांडणे आता ताजीच येऊ लागली.

पिक्टूत जमीनदार नव्हता आणि त्याचा हक्कही नव्हता. तरी येथे जे घडले ते मला त्या सगळ्या इतिहासातील सर्वांत करुण वाटते. मायदेशी पाळक बाहेर पडल्यामुळे राष्ट्रीय चर्चची शेकडो व्यासपीठे रिकामी झाली होती. ती भरण्यासाठी वसाहतीतल्या किर्कच्या पाळकांना बोलावणी आली आणि १८४३-४४ मध्ये पिक्टू परिसरातील त्यांपैकी बहुतेकजण परत गेले. फ्री चर्चच्या बाजूचे वेगळे झाले आणि ती तिसरी मंडळी; बाकीचे लोक मात्र किर्कशी एकनिष्ठ राहिले. हजारो माणसांचा समाज वर्षानुवर्षे जवळजवळ पाळकावाचून राहिला. वडीलमंडळी गेलिक बायबल वाचत, स्तोत्रे म्हणत आणि मूल जन्मले की पाहुणा पाळक कधी येतो याची वाट पाहत. आपल्या मुलीने पाहिलेले पत्र या काळातील असेल, तर त्यातली दोन पाने कशाने भरली असतील याचा आता अंदाज येईल. पुढे १८५०च्या दशकात याच भागातील तरुण स्कॉटलंडमध्ये शिकून पाळक म्हणून परतू लागले, तेव्हा ती उणीव भरू लागली.

प्रश्न : आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत मी संपादित केला आहे. आता कॅनडात जन्मलेल्या सूनबाईंच्या माहेरचा, म्हणजे पिक्टूच्या एका स्कॉटिश घराण्याचा, वृत्तांत जुळवायला घेतला आहे. एका पिढीतील चार मुलांचे बाप्तिस्मे सापडतात आणि तिघांचे सापडतच नाहीत. कोठे पाहावे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : कुलवृत्तांताचे काम केलेल्या माणसाला हे सांगणे सोपे जाते, कारण अमुक शाखा कोणत्या गावी गेली याचा माग आपण जसा घेतो, तसा तेथे अमुक घर कोणत्या मंडळीत गेले याचा माग घ्यावा लागतो. वरील उत्तरातील वर्षे समोर ठेवावीत. १८४३ नंतरच्या काही वर्षांत नोंद नसेल, तर मूल जन्मले नाही असे न समजता त्या मंडळीला तेव्हा पाळक होता काय, हे आधी पाहावे. नसल्यास तोच बाप्तिस्मा कधी दोनतीन वर्षांनी, धाकट्या भावंडांबरोबर एकदमच झालेला आढळेल. पाळक असूनही नोंद नसेल तर दुसऱ्या मंडळीची वही उघडावी.

लग्ने एका मंडळीतून दुसरीत होत होती. दोन्हीकडचा धर्ममतांचा जाहीरनामा एकच असल्याने त्यास शास्त्राची आडकाठी नव्हती. जाच व्हायचा तो दुसऱ्याच गोष्टीचा. फुटीर पंथांत, विशेषतः आरंभीच्या काळात, दुसऱ्या मंडळीच्या पाळकाचे प्रवचन ऐकायला जाणे हा दोष मानला जाई आणि मंडळीच्या वडिलांच्या सभेत त्याबद्दल जाब द्यावा लागे. माहेरच्या चर्चमध्ये एखाद्या रविवारी बसून आलेल्या बाईचे नाव अशा सभेच्या इतिवृत्तात सापडू शकते. म्हणून केवळ बाप्तिस्म्याची यादी न पाहता इतिवृत्तेही वाचावीत. घराण्याची खरी बातमी पुष्कळदा तेथेच असते.

नावांचा गोंधळ आपल्याला परका वाटणार नाही. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे. पहिल्या मुलीला आईच्या आईचे आणि दुसरीला वडिलांच्या आईचे, अशी रीत होती. आजोबांचे नाव नातवाला देणाऱ्या आपल्या घराण्यांत जसे एकाच नावाचे चारपाच पुरुष वंशावळीत उभे राहतात, तसेच तेथे एका खोऱ्यात एकाच वेळी अनेक डोनाल्ड आणि अनेक अलेक्झांडर असत. गेलिक लोक त्यांना बाप, आजोबा, पणजोबा यांची नावे ओळीने जोडून किंवा टोपणनावाने ओळखत. पत्रात आलेले टोपणनाव टाकून देऊ नये. पुढे तेच एकमेव खूण ठरते.

सरकारी कागदांत १८६४ नंतरची प्रांताची नोंद पाहावी, परंतु जन्म आणि मृत्यू यांची ती नोंद १८७७ मध्ये थांबून १९०८ मध्ये पुन्हा सुरू झाली, हे लक्षात असावे. १८७१च्या जनगणनेत घरातील प्रत्येकाचे नाव आणि त्याचा धर्मपंथ दिलेला असल्याने, कुटुंब कोणत्या बाजूचे होते हे कळण्यास ती फार उपयोगी पडते. मूळ स्कॉटलंडमधील सरकारी नोंद १८५५ पासूनची आहे. त्याआधीच्या पॅरिशच्या (एका चर्चच्या हद्दीच्या) वह्या राष्ट्रीय चर्चच्या असल्यामुळे फुटीर पंथांतील मुले त्यांत पुष्कळदा नसतात. नसलेली नोंद हाच अशा वेळी पहिला पुरावा समजावा.

प्रश्न : एक पाळक आपले सगळे गाव जहाजांत बसवून कॅनडातून न्यूझीलंडला गेला, असे ऐकले. हे खरे आहे काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : खरे आहे, आणि त्यामागे घरचे एक पत्र आहे. नॉर्मन मॅक्लाउड हे स्कॉटलंडच्या उत्तरेकडील सदरलंडमधील असिंट येथील. राष्ट्रीय चर्च बिघडले आहे असे त्यांचे ठाम मत होते आणि फुटीर पंथही त्यांना पटत नव्हते. १८१७ मध्ये ते पिक्टूला आले. तेथे आधीच दोन पक्ष भांडत होते. त्यांत हा तिसरा आला. १८२० मध्ये ‘आर्क’ नावाच्या, अनुयायांनी स्वतः बांधलेल्या जहाजाने ते निघाले आणि नोव्हा स्कोशियातच असलेल्या केप ब्रेटन बेटावरील सेंट अॅन्स येथे स्थिरावले. तेथे पाळक, शिक्षक आणि न्यायदंडाधिकारी तेच होते. एका माणसाकडे तिन्ही अधिकार असले म्हणजे काय होते हे सांगायला नको. त्यांची शिस्त इतकी कडक होती की भर प्रवचनात ते लोकांची नावे घेऊन झोडपत, आणि त्यातून त्यांची पत्नीही सुटली नाही असे सांगतात.

१८४०च्या दशकाच्या अखेरीस केप ब्रेटनमध्ये बटाट्यावर रोग पडून उपासमार आली. त्याच वेळी त्यांचा मुलगा डोनाल्ड याचे ऑस्ट्रेलियातील अॅडलेडहून पत्र आले. हवा चांगली, जमीन भरपूर, असा त्याचा आशय होता. सत्तरी ओलांडलेल्या मॅक्लाउड यांनी लोकांकडून जहाजे बांधवली आणि १८५१च्या ऑक्टोबरात ‘मार्गारेट’ हे पहिले जहाज सुटले. ऑस्ट्रेलियात सोन्याची धामधूम चालू होती. मेलबर्नच्या तंबूंच्या वस्तीत विषमज्वराची साथ येऊन त्यांचे तीन मुलगे गेले. अखेर १८५३-५४ मध्ये ही मंडळी न्यूझीलंडच्या उत्तरेस वायपू येथे वसली. पुढील काही वर्षांत एकंदर सहा जहाजांनी आठशेहून अधिक माणसे तेथे पोहोचली. मॅक्लाउड १८६६ मध्ये वारले.

काही लोक मात्र सेंट अॅन्सलाच राहिले. आईवडील एका टोकाला आणि मुले पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, अशी घरे झाली.

प्रश्न : ही भांडणे मिटली केव्हा? आणि आमच्या नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयाशी संबंधित ‘फ्री चर्च’ ते हेच काय? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. होय, ते हेच. १८४३च्या फुटीची वार्ता भारतात पोहोचल्यावर येथील स्कॉटिश मिशनरी सगळेच्या सगळे फ्री चर्चच्या बाजूने गेले. इमारती, ग्रंथ आणि उपकरणे कायद्याने राष्ट्रीय चर्चची असल्याने ती सोडून त्यांना नव्याने सुरुवात करावी लागली. मुंबईचे जॉन विल्सन तेव्हा रजेवर स्वदेशी निघाले होते. त्यांनी उभारलेल्या शाळेच्या जागी फ्री चर्चच्या छत्राखाली जी नवी शाळा झाली, तिचेच पुढे विल्सन महाविद्यालय झाले. १८७० मध्ये विल्सन फ्री चर्चच्या महासभेचे सभापतीही झाले. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले ते फुटीनंतरच, फ्री चर्चनेच पाठवलेले. १८६३ मध्ये बोरी नदीत बुडून त्यांचा अंत झाला आणि त्यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ मध्ये सुरू झाले.

मिटण्याविषयी सांगायचे तर नोव्हा स्कोशियात फ्री चर्च आणि जुनी संयुक्त सभा १८६० मध्ये पिक्टू येथेच एक झाल्या. किर्क त्यांना मिळाले १८७५च्या जूनमध्ये, माँट्रियल येथे, आणि त्या एकीकरणासाठी झटणाऱ्यांत पिक्टू परगण्यातच किर्कच्या घरात जन्मलेले जॉर्ज मन्रो ग्रँट प्रमुख होते. स्कॉटलंडमध्ये जमीनदारांचा तो हक्क रद्द झाला १८७४ मध्ये. पण फ्री चर्चचे वारसदार आणि राष्ट्रीय चर्च एकत्र येण्यास १९२९ साल उजाडावे लागले. त्याआधीच, १९२५ मध्ये, कॅनडातील प्रेस्बिटेरियन मंडळी मेथडिस्टांबरोबर एक होण्याच्या प्रश्नावर पुन्हा दुभंगली होती आणि पिक्टू परगण्यातील अनेक घरांत कोणत्या चर्चमध्ये जायचे याची चर्चा नव्याने सुरू झाली होती.